लक्षण आणि प्रमाण : एका दुर्मिळ पक्ष्याच्या ओळखीचा विचार

पक्षिशास्त्रावरील ग्रंथांकडे वाङ्मय या दृष्टीनें पाहण्याची चाल आपल्याकडे नाहीं. शास्त्रीय ग्रंथ शास्त्रज्ञांनीं वाचावेत आणि टीकाकारानें काव्य, नाटक व कादंबरी यांवर आपली लेखणी झिजवावी, अशी एक वांटणी आपण गृहीत धरून चाललों आहोंत. परंतु लेखनाचा एक प्रकार असा आहे कीं, त्याचा सारा भार वर्णनावर असतो, आणि तें वर्णन कसें उतरलें आहे यावर एखादी गोष्ट खरी मानावयाची कीं नाहीं याचा निकाल लागतो. दुर्मिळ पक्षी पाहिल्याची नोंद हा तो प्रकार होय. नोंद लिहिणाराजवळ बहुधा पक्षी नसतो. तो उडून गेलेला असतो. मागें उरतात तीं त्यानें लिहिलेलीं चारदोन वाक्यें. जो वाचक त्या जागीं हजर नव्हता त्यानें त्या वाक्यांवरून पक्षी कोणता होता हें ठरवावयाचें असतें. शब्दांवर इतकी जबाबदारी टाकणारें वर्णन काव्यांतहि क्वचितच सांपडेल. म्हणून त्याची परीक्षा साहित्याच्या मासिकांत करणें अस्थानीं होणार नाहीं.

आपल्या साहित्यशास्त्रांत वस्तु जशी आहे तशी वर्णिण्यास स्वभावोक्ति म्हणतात. दंडीनें 'काव्यादर्शा'त अर्थालंकार सांगतांना तिला पहिला मान दिला. कुंतकानें 'वक्रोक्तिजीविता'त तिचें अलंकारपणच नाकारलें. वस्तूचा स्वभाव हें काव्याचें शरीर. शरीरच अलंकार ठरलें तर अलंकार घालावयाचे कोणास, असा त्याचा प्रश्न. काव्यापुरता हा वाद कसाहि सुटो. पक्ष्याच्या नोंदीपुरता तो कुंतकाच्या बाजूनें सुटतो असें आम्हांस वाटतें. येथें शरीर दिसणें हेंच सर्व कांहीं आहे, आणि त्यावर चढविलेला प्रत्येक दागिना एकेक अवयव झांकून टाकतो. "माणकासारखा लालबुंद" असें लिहिणारानें तो लाल रंग डोक्यावर होता कीं पाठीवर, गळ्यापाशीं संपत होता कीं पोटापर्यंत उतरला होता, हें सांगितलेलें नसतें. आणि ओळख पटविण्याच्या वेळीं प्रश्न तर तेवढाच असतो.

तथापि केवळ यथातथ्य वर्णन केल्यानेंहि काम भागत नाहीं. पक्ष्याच्या अंगावरचीं सर्व पिसें खरीं असतात, पण सर्व पिसें सारखींच बोलकीं नसतात. येथें साहित्यशास्त्र सोडून न्यायशास्त्राकडे वळावें लागतें. गाईचें लक्षण काय, हा नैयायिकांचा जुना पाठ. 'शिंगें असते ती गाय' म्हटलें तर म्हैसहि आंत येते, ही अतिव्याप्ति. 'कपिल वर्णाची ती गाय' म्हटलें तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ति. 'एकखुरी ती गाय' म्हटलें तर जगांत एकहि गाय सांपडत नाहीं, हा असंभव. गळ्याखालीं लोंबणारें गळकंबळ, म्हणजे सास्ना, हें मात्र गाईचें निर्दोष लक्षण होय. पक्षी ओळखण्याच्या ग्रंथांची गेल्या शंभर वर्षांतील वाटचाल पाहिली, तर ती पिसांच्या याद्यांकडून सास्नेकडे झालेली आहे असें दिसून येईल.

जुन्या पद्धतीचा उत्तम नमुना म्हणून 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या मालेंतील स्टुअर्ट बेकर यांचे पक्ष्यांवरील आठ खंड (१९२२ ते १९३०) घ्यावेत. तेथें वर्णन डोक्यापासून निघून अंगोपांगांवरून शेंपटापर्यंत जातें. कपाळ, कानावरचीं पिसें, पाठ, पंखांतील मोठीं पिसें, त्यांच्या कडा, कांहींहि सुटत नाहीं. हें वर्णन हातांत धरलेल्या मृत पक्ष्याचें आहे, आणि संग्रहालयाच्या टेबलाशीं बसून वाचणारास त्याहून चांगलें कांहीं मिळणार नाहीं. परंतु साठ हात उंचीच्या झाडाच्या शेंड्यावर क्षणभर टेकलेला पक्षी पाहणारास त्याचा काय उपयोग? सर्वच सांगितल्यामुळें महत्त्वाचें काय तें सांगावयाचें राहून जातें. असें असलें तरी या जुन्या वर्णनाच्या एका गुणाची आठवण ठेविली पाहिजे. ज्या कातड्यावरून तें लिहिलें तें कातडें पेटींत जपून ठेविलेलें असतें. शंका आली तर कोणीहि जावें आणि पडताळून पाहावें.

अमेरिकेंतील चित्रकार रॉजर टोरी पीटरसन यानें १९३४ सालीं आपलें पक्षि-मार्गदर्शक पुस्तक काढलें आणि ही रीत बदलली. त्यानें सारखे दिसणारे पक्षी एकाच पानावर शेजारीं शेजारीं मांडले, आणि जेथें भेद आहे तेवढ्याच ठिकाणीं बारीक रेघेनें बोट ठेविलें. पीटरसनला न्यायशास्त्र ठाऊक असण्याचें कारण नव्हतें, पण त्याची प्रत्येक रेघ सास्नेकडे बोट दाखविते. इंग्लंडांत १९३८ ते १९४१ या काळांत निघालेल्या 'हँडबुक ऑफ ब्रिटिश बर्ड्स' या पांच खंडांच्या ग्रंथांतहि, पिसांचें तपशीलवार वर्णन कायम ठेवून, उघड्यावर दिसणाऱ्या खुणा निराळ्या सांगितल्या आहेत. आपल्याकडे सालिम अलींचें 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' १९४१ सालीं मुंबईस निघालें. त्यांत पक्ष्याचा आकार इंचांत सांगून न थांबतां चिमणी, बुलबुल, मैना, कावळा अशा नित्य परिचयाच्या पक्ष्यांशीं ताडून दिला आहे. 'बुलबुलाएवढा' ही उपमाच आहे. पण ती मोजमापाचें काम करते आणि वाचकाच्या डोळ्यांपुढें ठरलेला आकार उभा करते. वर्णनास उपमा वर्ज्य नाहीं. ती कोणत्या कामाला लाविली आहे एवढेंच पाहावयाचें.

या सुधारणेचें मोल मोठें आहे. पण सास्ना प्रत्येक वेळीं सांपडतेच असें नाहीं, आणि ती न सांपडल्यास वर्णनाचें काय होतें हें पाहण्यास स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलखांतलीं पाइन वृक्षांचीं जुनीं वनें फार सोयीचीं आहेत. तेथें क्रॉसबिल नांवाचा फिंच कुळांतील पक्षी राहतो. फिंच म्हणजे बिया फोडून खाणारे, जाड चोंचीचे लहान पक्षी. हिंवाळ्यांत आपल्याकडे उतरणारी तुती याच कुळांतली. क्रॉसबिलची चोंच मात्र कुळांत कोणाचीच नाहीं अशी असते. तिचीं वरचें व खालचें अशीं दोन्ही टोंकें एकमेकांना ओलांडून पलीकडे जातात. कांहीं पक्ष्यांत वरचें टोंक डावीकडे वळतें, कांहींत उजवीकडे. प्रथम पाहणारास ही चोंच अपघातानें वांकडी झाली असें वाटावें. पण सूचिपर्णी वृक्षांच्या शंकुफळांचे मिटलेले खवले उचकटून आंतलें बीं जिभेनें ओढून काढण्यास तिच्यासारखें हत्यार नाहीं. नर विटकरी तांबडा, मादी हिरवट, पिलें रेघारेघांचीं. बीं मुबलक असेल तर हा पक्षी वसंताची वाट न पाहतां थंडीच्या अखेरीस, भोंवतीं बर्फ असतांनाच, अंडीं घालतो.

चोंचीची ही ठेवण हें अगदीं लहान पिलें सोडून सर्व क्रॉसबिलांचें निर्दोष लक्षण आहे, आणि त्याचा पुरावा मोठा जुना आहे. १२५१ सालीं इंग्लंडांत पूर्वीं न दिसलेले पक्षी आले, ते सफरचंदें चिरून आंतील बियाच तेवढ्या खात, आणि त्यांच्या चोंचीचीं टोंकें एकमेकांवर आडवीं आलेलीं होतीं, असें सेंट ऑल्बन्सच्या मठांतील मॅथ्यू पॅरिस या इतिवृत्तकारानें लिहून ठेविलें आहे. सुमारें पावणेआठशें वर्षांनंतर आपण ती नोंद वाचतों आणि हे क्रॉसबिलच होते असें निःशंक सांगतों. ही ओळख त्यानें दिलेल्या नांवावरून पटत नाहीं. चोंच कशी होती आणि पक्षी काय करीत होते, हीं दोन वाक्यें त्यास पुरलीं. पक्षी ओळखतां न येणाऱ्या मनुष्याच्या हातून पक्षिशास्त्राची इतकी चोख सेवा होते ती यामुळेंच.

पण क्रॉसबिल म्हणजे एक पक्षी नव्हे, आणि येथून पुढें अडचण सुरू होते. स्कॉटलंडांत साधा, पोपटचोंच्या व स्कॉटिश असे तीन क्रॉसबिल दिसतात. साध्याची चोंच त्यांत बारीक. ती स्प्रूसच्या मऊ फळांस योग्य. पोपटचोंच्याची जाडजूड, पाइनचें टणक फळ फोडणारी. त्याच्या शास्त्रीय नांवाचा अर्थच 'पाइनवरचा पोपट' असा आहे. या दोहोंच्या मधला तो स्कॉटिश. त्यास एर्न्स्ट हार्टर्ट या जर्मन पक्षिशास्त्रज्ञानें १९०४ सालीं नांव दिलें. जगांत ब्रिटनखेरीज कोठेंहि नाहीं असा हा एकमेव पक्षी मानला जातो, म्हणून तो पाहिल्याची नोंद करण्याची हौसहि मोठी.

आतां नैयायिकाची कसोटी लावून पाहूं. रंग निरुपयोगी आहे, कारण तिन्ही नर विटकरी व तिन्ही माद्या हिरवट. चोंचीची जाडी म्हणावी, तर लगतच्या दोघांत भेद मिलिमीटर-दोन मिलिमीटरांचा. त्यांतून साध्यांतला थोराड आणि स्कॉटिशांतला किरकोळ यांचीं मापें एकमेकांस भिडतात. शिवाय हें माप शेंड्यावरच्या पक्ष्याचें घेणार कोण? ठिकाण म्हणावें, तर 'जुन्या पाइनच्या वनांत दिसला म्हणून स्कॉटिश' या अनुमानांत दुहेरी दोष आहे. एखाद्या वर्षीं उत्तर युरोपांतून साध्या क्रॉसबिलांच्या झुंडी येतात आणि त्याच वनांत उतरतात. अबर्नेथीच्या वनांत पोपटचोंचेहि घरटीं करतांना आढळले आहेत. ही अतिव्याप्ति झाली. उलट स्कॉटिश क्रॉसबिल माणसानें लाविलेल्या परदेशी सूचिपर्णी वृक्षांच्या राईंतहि चरतो. ही अव्याप्ति झाली. तेव्हां 'पाइनच्या वनांत, शेंड्यावर, थोराड चोंचीचा विटकरी क्रॉसबिल पाहिला' या वाक्यांतला प्रत्येक शब्द खरा असूनहि त्यावरून कांहींच सिद्ध होत नाहीं. २००१ सालीं या तिघांच्या आनुवंशिक द्रव्याची तुलना प्रसिद्ध झाली. तींतहि त्यांस वेगळें पाडणारा भेद सांपडला नाहीं. मग हे तीन पक्षी आहेत तरी कशावरून, हा प्रश्न कोणीहि विचारील.

त्याचें उत्तर कानाकडून आलें. तिघांची उडतांनाची हांक आणि खळबळ उडाली असतांची हांक निरनिराळी असते. जो पक्षी ज्या हांकेचा, तो जोडीदारहि बहुधा त्याच हांकेचा व तशाच चोंचीचा निवडतो, आणि पिलांची चोंच आईबापांवर जाते, असें रॉन समर्स व त्यांचे सहकारी यांनीं अनेक वर्षें जोड्या तपासून दाखविलें. त्यावरून ब्रिटनच्या पक्षिसंरक्षक संस्थेनें, म्हणजे 'रॉयल सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ बर्ड्स' हिनें, २००६ सालीं स्कॉटिश क्रॉसबिल ही स्वतंत्र जाति असल्याचें जाहीर केलें. हा निर्णय सर्वांस पटला आहे असें नव्हे. पण वादी व प्रतिवादी दोघेहि ज्या पुराव्यावर बोट ठेवून भांडतात तो पुरावा सर्वांपुढें उघडा आहे, हें विशेष.

येथें वर्णनाच्या भाषेचा एक नाजूक प्रश्न उभा राहतो. पक्ष्याची हांक शब्दांत लिहावी कशी? पुस्तकांतून 'जिप', 'चप', 'टूप' अशीं अक्षरें छापलेलीं असतात. एकाच्या कानास जें 'जिप' वाटतें तें दुसऱ्यास 'चिप' वाटतें. इंग्रजाच्या कानांत इंग्रजी अक्षरें असतात आणि आपल्या कानांत आपलीं. पावसाच्या तोंडावर पावशा 'पेरते व्हा' म्हणून ओरडतो असें आपला शेतकरी ऐकत आला आहे. त्यांत त्याची चूक नाहीं. पेरणीची काळजी त्याच्या कानांत आधींच बसलेली असते. परंतु जेथें 'जिप' आणि 'चप' यांतल्या फरकावर एका जातीचें अस्तित्व अवलंबून आहे तेथें असें ऐकणें चालत नाहीं. यासाठीं ध्वनिलेख काढण्याची युक्ति उपयोगी पडली. आवाज यंत्रांत धरून त्याची उंची व काळ कागदावर रेघांनीं उमटवावयाचा, म्हणजे हांकेचें चित्र दिसतें. केंब्रिजच्या थॉर्प यांनीं १९५० नंतरच्या दशकांत चॅफिंच या दुसऱ्या एका फिंचच्या गाण्याचा अभ्यास याच रीतीनें केला होता. हांकेचें चित्र निघालें कीं कानांचा वाद डोळ्यांपुढें येतो, आणि जो मनुष्य त्या वनांत नव्हता तोहि त्यांत मत देऊं शकतो.

२००८ सालीं या पक्ष्याची जी पाहणी झाली ती याच पायावर. ध्वनिमुद्रित हांक वाजवून पक्ष्यांस जवळ बोलवावयाचें, त्यांचें उत्तर मुद्रित करावयाचें, आणि त्याच्या ध्वनिलेखावरून जाति ठरवावयाची. या पद्धतीनें स्कॉटिश क्रॉसबिलांची संख्या सुमारें १३,६०० निघाली, आणि खरी संख्या आठ हजारांपासून बावीस हजारांहून थोडी अधिक यांमध्यें कोठेंतरी असावी, असेंहि त्याच दमांत सांगितलें गेलें. त्या लांबलचक अंतराचा आम्हांस कंटाळा येत नाहीं. ज्याला आपण काय पाहिलें याची खात्री आहे, तोच आपल्याला काय दिसलें नाहीं याचें माप देऊं शकतो.

लक्षण पक्ष्याच्या अंगावर न सांपडतां त्याच्या व्यवहारांत सांपडतें, याचा दुसरा दाखला अमेरिकेंत आयडाहो संस्थानांतील साउथ हिल्स या टेकड्यांवर आहे. तेथील लॉजपोल पाइनच्या वनांत खारी नाहींत. इतरत्र त्या झाडाच्या बियांचा मुख्य शत्रु खार. येथें तें काम क्रॉसबिलकडे आलें. म्हणून झाडाचीं फळें पिढ्यान्पिढ्या क्रॉसबिलाविरुद्ध जाड होत गेलीं, आणि पक्ष्याची चोंच फळाविरुद्ध. क्रेग बेंकमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००९ सालीं या पक्ष्यास 'खारीविना' अशा अर्थाचें शास्त्रीय नांव दिलें, आणि २०१७ सालीं अमेरिकेंतील पक्षिशास्त्रज्ञांच्या संस्थेनें त्याची जाति मान्य केली. तोहि ओळखावयाचा तो मुख्यतः हांकेवरूनच. एका पक्ष्याची ओळख सांगतांना एका अनुपस्थित प्राण्याचें नांव घ्यावें लागावें, हें वर्णन कोणत्याहि संग्रहालयाच्या टेबलावर लिहितां आलें नसतें.

येथवर लक्षणाचा विचार झाला, आतां प्रमाणाचा. नोंद वाचणारास प्रत्यक्ष हें प्रमाण उपलब्ध नसतें. तें लिहिणारास होतें. वाचकाजवळ असतें तें शब्दप्रमाण, आणि शब्द प्रमाण कधीं, तर बोलणारा आप्त असेल तेव्हां. आपल्या परंपरेनें आप्ताची मोठी थोरवी गाइली आहे. परंतु केवळ थोरवीवर विसंबल्यास काय होतें याचा धडा फिंच पक्ष्यांच्याच एका प्रकरणानें दिला. कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहेगन (१८७८–१९६७) हे ब्रिटिश पक्षिशास्त्रांतलें मोठें नांव होतें. इजिप्त व अरबस्तान येथील पक्ष्यांवरील त्यांचे ग्रंथ प्रसिद्ध, आणि पक्ष्यांच्या कातड्यांचा त्यांचा संग्रह प्रचंड. १९९३ सालीं ॲलन नॉक्स यांनीं त्यांतील रेडपोल या लहान फिंचचे नमुने तपासले, आणि त्यांत दुसऱ्यांनीं मिळविलेले, संग्रहालयांतून चोरलेले व खोट्या चिठ्ठ्या लाविलेले नमुने आहेत असें दाखवून दिलें. हें समजलें कशावरून? प्रत्येक संग्राहकाची कातडें भरण्याची व शिवण्याची आपली एक ढब असते. चिठ्ठी एका हाताची आणि टाका दुसऱ्या हाताचा असें दिसलें, आणि बिंग फुटलें. जुन्या पोथ्यांतले प्रक्षेप शैलीवरून ओळखणारा संशोधक जें करतो तेंच हें. एकनाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीचे पाठ शुद्ध केले. पाठ कोणाच्या पोथींतला आहे एवढ्यावर त्यांनींहि भागविलें नसेल.

त्याच संग्रहांतील आणखी एका लबाडीचा संबंध थेट खानदेशाशीं पोंचतो. रानपिंगळा हें लहान घुबड ह्यूम यांनीं १८७३ सालीं शास्त्रास सादर केलें, आणि १८८४ नंतर त्याचा एकहि खरा नमुना मिळाला नाहीं. मात्र माइनर्ट्‌झहेगन यांनीं तो १९१४ सालीं गुजराथेंत मिळविल्याची चिठ्ठी लाविलेला एक नमुना होता. पामेला रासमुसेन व नायजेल कॉलर यांनीं त्याची छाननी केली, तेव्हां तो जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्यानें पूर्वीं खानदेशांत मिळविलेल्या नमुन्यांपैकींच चोरलेला ठरला. त्या खोट्या चिठ्ठीनें शोध करणारांस भलत्या ठिकाणीं धाडलें होतें. ती बाजूला सारून रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांनीं जुन्या खऱ्या ठिकाणांकडे मोर्चा वळविला, आणि १९९७ च्या नोव्हेंबरांत शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशीं, त्यांस जिवंत रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनीं एका पक्ष्याची पुन्हा भेट झाली ती एक खोटें वाक्य खोडल्यामुळें. पुढें मेळघाटांतहि तो आढळला. खोट्या नोंदीनें कोणाचें काय बिघडतें, असें म्हणणारानें या पक्ष्याचा विचार करावा. जेथें तो नाहीं तेथें आहे असें आपण मानूं लागलों, तर जेथें तो आहे तें रान राखण्याची निकड कोणास वाटणार?

आतां आपल्या भाषेकडे येऊं. मराठींत पक्ष्यांविषयीं लिहिणारे आतां थोडे नाहींत. मारुती चितमपल्ली यांच्या 'पक्षीकोशा'नें नांवांचा मोठा सांठा एकत्र करून ठेविला आहे, आणि दरवर्षीं शेंकडों मराठी माणसें दुर्बीण घेऊन हिमालयांत जातात. परंतु परत आल्यावर जीं वर्णनें लिहिलीं जातात त्यांचा घाट पुष्कळदां ठरलेला असतो. चढण, धाप, धुकें, मग अचानक झाडीतून झळकलेला रंग, मग नांव, मग धन्यता. नांव येतें आणि वर्णन संपतें. खरें तर वर्णनाचें काम नांवापाशीं सुरू व्हावयाचें असतें.

एक उदाहरण घेऊं. काश्मीर व पश्चिम हिमालय येथील सूचिपर्णी वनांत नारिंगी बुलफिंच नांवाचा तुरळक आढळणारा फिंच आहे. गूल्ड यांनीं १८५८ सालीं त्याचें शास्त्रीय वर्णन केलें. त्याच डोंगरांत, आणि पूर्वेकडे पार भूतानपर्यंत, तांबड्या डोक्याचा बुलफिंच राहतो. तो त्यामानानें अधिक दिसणारा. कोणी लिहिलें कीं, "देवदाराच्या काळोखांत निखारा पेटावा तसा नारिंगी पक्षी दिसला, पंख काळेभोर, उडतांना कमरेवर पांढरा पट्टा चमकला," तर वाचकास आनंद होईल, पण पक्षी कोणता तें कळणार नाहीं. काळे पंख दोघांनाहि, पांढरी कंबर दोघांनाहि, चोंचीभोंवतीं काळा मुखवटाहि दोघांना, आणि छातीवर नारिंगी छटाहि दोघांच्या नरांस. निखारा दोघांतहि पेटलेला आहे. भेद आहे तो पाठीवर : नारिंगी बुलफिंचच्या नराची पाठहि नारिंगी, दुसऱ्याची राखी. मादी असेल तर माथा पाहावा : पहिलीचा माथा व मान राखी, दुसरीची पिवळट हिरवी. म्हणजे सर्वांत रंगीत पक्ष्याच्या ओळखींत निर्णायक शब्द 'राखी' हा आहे, आणि काव्यमय वर्णनानें नेमका तोच गाळला. त्याऐवजीं "पाठ मानेपासून कमरेपर्यंत छातीच्याच रंगाची, राखी कोठेंच नाहीं; पाठमोरा बसला असतां दोनदां पाहिली" असें एकच वाक्य असतें, तर दुसऱ्या पक्ष्याची शक्यता आपोआप मिटली असती. दुर्मिळाची ओळख पटविण्याचा मार्ग नेहमीं परिचिताच्या दारावरून जातो. जवळपासचा नित्याचा पक्षी तो का नव्हे, हें जी नोंद सांगत नाहीं, ती नोंद अपुरी समजावी.

यासाठीं लागणारी शब्दसंपत्ति मराठीजवळ नाहीं असें नाहीं. विटकरी, शेंदरी, भगवा, गाजरी, डाळिंबी, तांबूस, बदामी, राखी, करडा, मोरपंखी, हे शब्द एकमेकांचे पर्याय नव्हेत. साडी निवडणारी गृहिणी त्यांतला भेद अचूक जाणते. ठिपका, रेघ, पट्टा, कड, डाग यांतला फरकहि आपल्या रोजच्या बोलण्यांत आहे. वाण शब्दांचा नाहीं. शब्द जपून वापरण्याच्या संवयीचा आहे.

कोणी म्हणेल कीं, हल्लीं ज्याच्या त्याच्या हातांत छायाचित्राचें व ध्वनिमुद्रणाचें यंत्र आहे, मग शब्दांच्या वर्णनाची मातबरी ती काय? यंत्रानें पुष्कळ वाद मिटविले हें उघड आहे. स्कॉटलंडचा पक्षी यंत्रावांचून ओळखलाच गेला नसता. पण छायाचित्रांत सांवलींतली पाठ राखीहि दिसते आणि उन्हांतली नारिंगीहि. तें कोणत्या प्रकाशांत, किती अंतरावरून घेतलें, त्या पक्ष्यानें त्याआधीं व त्यानंतर काय केलें, हें शब्दांतच सांगावें लागतें. आणि ज्या चित्राजवळ लिहिलेली नोंद नाहीं तें चित्र माइनर्ट्‌झहेगन यांच्या कातड्यासारखें आहे : त्यास कोणतीहि चिठ्ठी लावतां येते.

अशा नोंदी तपासण्यासाठीं ब्रिटनमध्यें १९५९ पासून एक समिति आहे. ती जेव्हां एखादी नोंद नाकारते तेव्हां पाहणारा खोटें बोलला असा तिचा अर्थ नसतो. लिहिलें आहे तेवढ्यावरून सिद्ध होत नाहीं, इतकाच असतो. स्कॉटलंडच्या फौजदारी न्यायालयांत कित्येक शतकें 'दोषी' व 'निर्दोष' यांखेरीज 'शाबीत नाहीं' असा तिसरा निकाल देण्याची चाल होती. माणसाच्या खटल्यांत असा निकाल योग्य कीं अयोग्य हें कायदेपंडितांनीं पाहावें. पक्ष्याच्या खटल्यांत त्यावांचून गत्यंतर नाहीं. आपल्याकडे मात्र नोंदीवर शंका घेतली कीं लेखकाच्या प्रामाणिकपणावरच शंका घेतली असें समजलें जातें, आणि मग तपासणाराहि भिडेनें गप्प बसतो. ही भीड सुटावयाची असेल तर लेखकानेंच तपासणीस लागेल तें सर्व आधीं कागदावर ठेविलें पाहिजे : काय दिसलें, काय दिसलें नाहीं, कोणता परिचित पक्षी कोणत्या कारणानें वगळला, आणि शेवटीं नांव. ज्यास नांवाची खात्री नसेल त्यानें नांव न देतां वर्णन द्यावें. बाराशें एक्कावन सालच्या त्या मठवासीयानें तेवढेंच केलें, आणि त्याचा पक्षी अजून उडून गेलेला नाहीं.